हृदयताल-यंत्रांची विश्वसनीयता : नोंदींचा इतिहास

शरीरात बसविलेल्या पेसमेकरचा इतिहास ८ ऑक्टोबर १९५८ ह्या दिवसापासून सांगण्याची प्रथा आहे. त्या दिवशी स्वीडनमधील सोल्ना येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग ह्यांनी, अभियंते रूने एल्मक्विस्ट ह्यांनी तयार केलेले यंत्र आर्ने लार्सन ह्या रुग्णाच्या शरीरात बसविले. हृदयरोधामुळे लार्सन दिवसातून अनेकदा मूर्च्छित पडत असत. यंत्रात दोन सिलिकॉन ट्रान्झिस्टर व बाहेरून भारित करता येणारा निकेल-कॅडमियम घट होता. भोवती एपॉक्सी राळेचे आवरण होते आणि ते ओतण्यासाठी साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरण्यात आली होती. ही हकीकत बहुधा विजयकथा म्हणून सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र घाईने उरकला जातो. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे त्याहून अधिक टिकले, पण तेही फार नव्हे. लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग व एल्मक्विस्ट ह्या दोघांच्याही मृत्यूनंतर ते हयात होते, आणि त्यांचा अंत झाला तो कर्करोगाने. तोवर त्यांच्या देहात एकामागून एक २६ यंत्रे बसविली गेली होती. ह्या २६ च्या आकड्यात यंत्राचे यश आणि अपयश ही दोन्ही सारखीच नोंदलेली आहेत. कोणते यंत्र केव्हा थकले हे प्रत्येक वेळी कोणीतरी ओळखले होते, हे त्यात गृहीत आहे. ओळखण्याच्या ह्या कामाचा इतिहास शोधाच्या इतिहासाइतका प्रसिद्ध नाही.

अमेरिकेत बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच हे अभियंते आणि विल्यम चार्डॅक व अँड्र्यू गेज हे शल्यविशारद ह्यांनी १९६० मध्ये पारा-जस्त घटांवर चालणारे यंत्र रुग्णांत बसविण्यास आरंभ केला. हे घट पाच वर्षे टिकतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रे सुमारे दोन वर्षांतच बदलावी लागत. त्याआधीच हृदयाला जोडलेली तार तुटे. हृदय दिवसाकाठी लाखभर वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर तार वाकते. इतके वाकणे सोसणारा धातू सहज मिळणारा नव्हता. चार्डॅक ह्यांनी प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेला स्प्रिंगसारखे वेटोळे देऊन ह्या अडचणीवर बऱ्याच अंशी मात केली. घटाची अडचण मात्र राहिली. पारा-जस्त घटातून वायू बाहेर पडतो, म्हणून यंत्र पूर्णपणे हवाबंद करता येत नसे. आणि ज्यातून वायू बाहेर जाऊ शकतो त्या आवरणातून शरीरातील ओलावा आतही शिरू शकतो. उष्ण व खारट द्रवाने भरलेले मानवी शरीर हे विद्युत्‌यंत्राच्या दृष्टीने किती प्रतिकूल स्थान आहे, ह्याचा अनुभव त्या दशकाने पुरेपूर घेतला.

ह्या परिस्थितीत देखरेखीची पहिली पद्धत अत्यंत साधी होती. रुग्णाला स्वतःची नाडी मोजण्यास शिकविले जाई. यंत्राची गती ठरलेली असे. घट क्षीण होऊ लागला की ती काही ठोक्यांनी उतरे आणि नाडीवर बोट ठेवणाऱ्याला ते समजे. क्वचित याच्या उलट घडे : बिघडलेले यंत्र हृदयाला बेफाम वेगाने हाकू लागे, आणि मग मोजदाद करण्यास अवधीच उरत नसे. न्यूअर्क येथे व्हिक्टर पार्सोनेट आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माँटेफिओर रुग्णालयात सीमोर फर्मन ह्यांनी पेसमेकरधारी रुग्णांच्या नियमित तपासणीला व्यवस्थित रूप दिले. १९७० च्या सुमारास फर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या विद्युत्‌संकेताचे ध्वनीत रूपांतर करून तो साध्या टेलिफोनवरून रुग्णालयात पोचविण्याची रीत अवलंबिली. यंत्रावर लोहचुंबक धरला म्हणजे ते हृदयाकडे लक्ष न देता आपल्या ठरीव गतीने चालू लागते, आणि ती गती घटाची अवस्था सांगते. घरी बसलेल्या रुग्णाने छातीवर चुंबक धरावा आणि दूरच्या तपासनिसाने तो सूर ऐकून यंत्राचे उरलेले आयुष्य अजमावावे, ह्या कल्पनेत आजच्या दूरस्थ देखरेखीचे सर्व बीज आहे.

१९७२ मध्ये लिथियम-आयोडीन घटाचा पेसमेकर प्रथम मनुष्यात बसविण्यात आला. ह्या घटातून वायू निघत नाही. त्यामुळे यंत्र टायटॅनियमच्या डबीत घालून तिची कड पूर्णपणे वितळजोडाने बंद करता येऊ लागली. घटाची शक्ती एकाएकी न संपता हळूहळू उतरते, हा त्याचा दुसरा गुण. यंत्राचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. परंतु ह्या सुधारणेतून एक नवीच अडचण उद्‌भवली. यंत्रे दोन वर्षांत बंद पडत होती तेव्हा एकाच रुग्णालयातील वैद्यांना कोणता नमुना कच्चा आहे हे आपल्या अनुभवावरून कळू शके. हजारात एखाददुसरे यंत्र बिघडू लागले म्हणजे कोणाही एका वैद्याचा अनुभव अपुरा ठरतो : त्याच्यापुढे आलेले एकमेव प्रकरण अपवाद आहे की उदाहरण आहे, हे त्याला सांगता येत नाही. विश्वसनीयता वाढली तेव्हाच ती जोखण्याचे काम व्यक्तीच्या हातून निसटले.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल बिलिच ह्यांनी केला. १९७४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या नोंदवहीत मोजक्या केंद्रांनी आपापल्या रुग्णांची यंत्रे नमुन्यानुसार नोंदविली. त्यांत फर्मन, पार्सोनेट आणि रॉबर्ट हाउझर ह्यांचा सहभाग होता. तिचे वृत्तांत नियमाने प्रसिद्ध होत, आणि उत्पादकांची नावे त्यांत झाकलेली नसत. १९८२ पासून डेन्मार्कने तर देशात बसविलेल्या प्रत्येक पेसमेकरची राष्ट्रीय नोंद ठेवली. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने वैद्यकीय उपकरणे शासकीय नियंत्रणाखाली आली खरी, परंतु असे सर्वसमावेशक बाड तेथे निर्माण झाले नाही, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ह्या नोंदींची परिभाषा लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. यंत्राचे ‘आयुष्य’, त्याचे ‘जगणे’, त्याची ‘जीवनरेषा’ हे शब्द आणि त्यांमागचे गणित विमाशास्त्रातून आले आहे. मनुष्याच्या बाबतीत मरण म्हणजे काय ह्याविषयी विमाकंपनीस फारसा संशय नसतो. यंत्राच्या बाबतीत तो पदोपदी असतो. अपेक्षित वेळी घट संपला तर ते अपयश मानीत नाहीत. अपेक्षेपूर्वी संपला तर मानतात. आणि अपेक्षा ठरवितो तो उत्पादक. उत्पादकाच्या आकडेवारीत ‘निश्चित बिघाड’ म्हणून गणले जाते ते मुख्यतः काढून परत पाठविलेले व प्रयोगशाळेत उघडून पाहिलेले यंत्र. रुग्ण अकस्मात मरण पावला आणि त्याच्याबरोबर यंत्रही पुरले गेले, तर गणितात ते यंत्र निर्दोष अवस्थेतच सेवेबाहेर पडते. विल्यम मेझल व सहकारी ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९० ते २००२ ह्या काळात अमेरिकेत सुमारे २२ लाख ५० हजार पेसमेकर व ४ लाख १६ हजार डिफिब्रिलेटर बसविले गेले आणि निश्चित बिघाडामुळे १७,३२३ यंत्रे काढावी लागली. पैकी पेसमेकर ८,८३४ व डिफिब्रिलेटर ८,४८९. संख्येने पाचपटींहून कमी असलेल्या डिफिब्रिलेटरांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे, हे ध्यानात घ्यावे. उपरोक्त कारणास्तव हे आकडे किमान मर्यादा म्हणूनच वाचले पाहिजेत.

डिफिब्रिलेटर हे यंत्र मिशेल मिरॉव्हस्की ह्यांच्या प्रयत्नांतून ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम मनुष्यात बसविले गेले. पेसमेकर बहुधा सतत काम करतो, म्हणून त्याचा दोष लौकर उघड होतो. डिफिब्रिलेटर वर्षानुवर्षे स्वस्थ असतो आणि एका क्षणी त्याने जोराचा विजेचा झटका द्यावा अशी अपेक्षा असते. मार्च २००५ मध्ये अमेरिकेतील एक २१ वर्षांचा विद्यार्थी यूटा राज्यात सहलीवर असताना मरण पावला, तेव्हा त्याच्या यंत्राला नेमका तो क्षण साधला नाही. यंत्रातील तारेचे विद्युत्‌रोधक आवरण कालांतराने खराब होऊन झटक्याच्या वेळी आतल्या आत विद्युत्‌मार्ग जुळत असे. मिनिआपोलिस येथील बॅरी मॅरन आणि पूर्वोक्त हाउझर ह्यांनी उत्पादक गायडंट कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा असे प्रकार तिला आधीच माहीत असल्याचे निष्पन्न झाले. कंपनीने २००२ मध्येच रचनेत दुरुस्ती केली होती. मात्र जुन्या रचनेची शिल्लक यंत्रे विकली जात राहिली आणि वैद्यांस काही कळविण्यात आले नव्हते. मे २००५ मध्ये हे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केले. पुढे कंपनीविरुद्ध फौजदारी खटला होऊन २९ कोटी ६० लाख डॉलरची रक्कम वसूल करण्यात आली. हाउझर हे ह्याच कंपनीच्या पूर्वरूपाचे एके काळी मुख्य अधिकारी होते. नोंदवहीचा संस्कार व्यवसायाच्या संबंधांहून चिवट ठरला असे म्हणता येईल.

कंपनीची बाजू सर्वस्वी पोकळ होती असे मात्र नाही. तिचे म्हणणे असे होते की सुमारे २६,००० यंत्रांत असे बिघाड जेमतेम दोन डझन. सर्वांना कळविले तर अनेकजण यंत्र बदलून घेतील आणि त्या शस्त्रक्रियांचा अपाय बिघाडाहून अधिक होईल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील पाहणीने ह्या भीतीला काही पुष्टी दिली : धोक्याच्या सूचनेवरून ज्या ५३३ रुग्णांची यंत्रे बदलली त्यांपैकी ४३ जणांना उपद्रव झाले व दोघे दगावले. तथापि ह्या हिशेबावरून बदलू नये असा सल्ला निघतो, सांगू नये असा निघत नाही. दूर रानावनात भटकणारा तरुण आणि रुग्णालयाशेजारी राहणारा वृद्ध ह्यांचा हिशेब एकच असू शकत नाही, आणि तो कोणी करावयाचा हाच वादाचा मुद्दा होता.

‘रिकॉल’, म्हणजे परत मागविणे, हा शब्दही ह्याच वेळी चर्चेत आला. मोटारगाडी परत मागविता येते. हृदयात रुतलेली तार मागविता येत नाही. अमेरिकी नियमांत ह्या संज्ञेत नुसत्या दुरुस्तीचाही समावेश होतो, पण शब्द ऐकणाऱ्या रुग्णाला तो अर्थ ठाऊक नसतो. हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २००६ च्या शिफारशींत त्याऐवजी सूचनावाचक संज्ञा सुचविली. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही बारीक व्यासाची तार तुटण्याच्या प्रकारांमुळे विक्रीतून काढून घेतली, तेव्हा जगभर सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसविल्या गेल्या होत्या. त्या बहुतेक होत्या तेथेच राहिल्या. ह्या तारांबाबतही हाउझर व सहकारी ह्यांनी त्याच वर्षी आरंभीच इशारा दिला होता. नंतर यंत्रांच्या आज्ञावलीतच असा बदल केला गेला की तारेचा विद्युत्‌रोध अचानक वाढला वा हृदयाच्या ठोक्यांत अशक्य वाटावेत असे अल्प अंतराचे संकेत आले, की यंत्राने स्वतःच सूचनेचा ध्वनी काढावा. नाडीवरचे बोट अशा रीतीने यंत्राच्या आत गेले.

ह्या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेत रुग्णांच्या शरीरांतून काढलेले, परंतु घटात पुरेशी शक्ती उरलेले डिफिब्रिलेटर निर्जंतुक करून मुंबईतील ऐपत नसलेल्या ८१ रुग्णांत बसविल्याचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गाचे उपद्रव त्यांत आढळले नाहीत आणि कित्येकांच्या बाबतीत यंत्राने आपले काम वेळेवर बजावले. उत्पादकाच्या लेखी हे यंत्र एकदाच वापरावयाचे असते. पहिल्या देहातून निघताच त्याची जीवनरेषा तेथे संपते. दुसऱ्या देहातील त्याच्या वर्तनाची नोंद त्यामुळे संबंधित वैद्यांच्याच वहीत राहते. भारतात उपकरणजन्य अपायांची माहिती गोळा करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे सोपविण्यात आला. त्या कार्यक्रमात नोंद होते ती घडलेल्या अपायाची. डेन्मार्कमध्ये होते ती बसविलेल्या प्रत्येक यंत्राची.