तिसऱ्याच्या मतांचे मोल

मी परळच्या भोईवाड्यातला. आमच्या भागात चिंतामणराव देशमुखांचे नाव निघते ते १९५६ सालच्या राजीनाम्यासाठी. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचे ठरले, शहरातल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, तेव्हा कुलाब्याच्या या खासदाराने केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. गिरणगावाने ते लक्षात ठेवले. मात्र तेरा वर्षांनी हेच देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे होते, याची आठवण क्वचितच कोणी काढते. ते तिसरे आले, हे त्याचे कारण असावे. पण त्या निवडणुकीचे आकडे पाहिले की तिसऱ्या उमेदवाराबद्दलचे आपले मत तपासून घ्यावे लागते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. कामगार चळवळीतून आलेले व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी स्वतःच्या पक्षातल्या मतदारांना अंतरात्म्याला स्मरून मत देण्याची मुभा दिली. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी देशमुखांना पुढे केले. एकूण उमेदवार १५.

पहिल्या पसंतीची मते अशी पडली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. तितकी कोणालाच मिळाली नाहीत. या निवडणुकीत खासदार-आमदार पसंतीक्रम लिहितात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. अशी एकेक नावे गळत शेवटी देशमुखही बाद झाले. अखेरचा हिशेब झाला तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. सुमारे ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली होती. बाद उमेदवारांकडून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना अवघी १८,५६२.

बाद झालेल्यांत मोठा वाटा देशमुखांच्या मतांचा होता. त्यांच्या पाठीराख्यांनी आपल्या माणसाला मत दिले आणि तो हरल्यावर दोघांपैकी कोण हवा हेही सांगितले. मत फुकट गेले नाही. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते पडली आणि बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले. नेडरच्या मतदारांना दुसरी पसंती नोंदवण्याची सोयच नव्हती. तिसरा उमेदवार ‘मते खातो’ हा आरोप पुष्कळदा माणसावर होतो. दोष मोजणीच्या पद्धतीचा असतो.

त्याच यादीत आणखी एक मराठी नाव आहे: पांडुरंग नथुजी राजभोज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस, १९५२ साली सोलापुरातून लोकसभेवर गेलेले. त्यांना मते मिळाली ८३१. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते, म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच लोकप्रतिनिधींनी त्यांचे नाव लिहिले. पाच उमेदवारांना तर एकही मत नव्हते.

अशा उमेदवारांची गर्दी नको म्हणून १९७४ साली कायदा बदलला. दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत आवश्यक झाली. १९९७ मध्ये हे आकडे पन्नास, पन्नास आणि १५,००० झाले. हौशी अर्जांना आळा बसला, हे खरे. पण राजभोजांना पन्नास सूचक मिळाले असते का? मला शंका आहे. १९७७ साली ३७ जणांनी अर्ज भरले, छाननीत ३६ बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. आठ वर्षांपूर्वी ज्यांना दुसऱ्या पसंतीच्या मतांनीही तारले नव्हते, त्यांच्यासाठी आता मतपेटीच उघडावी लागली नाही.

दुसऱ्या पसंतीची तरतूद घटनेत अजून आहे. पण ती उपयोगी पडायला यादीत तिसरे नाव असावे लागते. देशमुखांचा राजीनामा आम्ही जपला, ते योग्यच. त्यांचे तिसरे येणेही त्याच्या शेजारी नोंदवून ठेवायला हवे.