घाटाच्या दोन बाजूंची राज्ये : पुणे दरबार व मुंबई सरकार यांचे कर्ज, कर आणि वैद्यकीय खर्च (१७४०–१८१८)

प्रस्तावना

शेजारच्या दोन देशांची तुलना करताना सरकारी कर्ज, करांचे उत्पन्न आणि आरोग्यावरील खर्च हे तीन आकडे एकापुढे एक मांडण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही पद्धत स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. दोन्ही वह्यांमध्ये 'कर्ज' आणि 'खर्च' या शब्दांखाली एकच गोष्ट लिहिली जाते काय? हा प्रश्न तपासून पाहण्यास मावळ हा प्रदेश अतिशय सोयीचा आहे. अठराव्या शतकात बोरघाटाच्या माथ्यावर पुणे दरबाराचा अंमल होता. घाट उतरून कोकणपट्टी ओलांडली की मुंबई बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार होते. खंडाळा, कार्ले, वडगाव, तळेगाव ही गावे या दोन सत्तांमधील वाटेवर वसलेली असल्याने दोघांच्याही जमाखर्चाचे परिणाम त्यांना भोगावे लागले.

या तुलनेत प्रथमदर्शनीच एक कोडे समोर येते. १८१८ साली जे राज्य बुडाले त्याच्यावर कर्ज जवळजवळ नव्हते आणि ज्याने ते बुडविले ते स्वतः कर्जात आकंठ बुडालेले होते.

पुण्याचे कर्ज

पेशव्यांच्या कर्जाविषयी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशींच्या प्रस्तावनेत केलेले विवेचन आजही आधारभूत मानावे लागते. त्यांच्या हिशेबानुसार १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेबांनी काढलेल्या कर्जाची एकूण रक्कम सुमारे दीड कोटी रुपये भरते. व्याजाचा दर शेकडा १२ ते १८ होता. थोरल्या माधवरावांच्या काळातील आकडा २४ लाखांच्या आसपास आहे. नाना फडणविसांच्या कारभारात तो १८ लाखांपर्यंत उतरतो. दुसऱ्या बाजीरावास तर कर्ज काढण्याची गरजच पडली नाही. उलट त्याने मोठा खासगी खजिना जमविला.

केवळ हे आकडे पाहिले तर राज्य उत्तरोत्तर सुधारत गेले, असा निष्कर्ष निघेल. परंतु हे कर्ज कोणाकडून घेतले जात होते ते पाहिले पाहिजे. पेशव्यांचे सावकार बहुधा त्यांचे सोयरे किंवा सरदार होते. बारामतीकर बाबूजी नाईकांच्या घरात पेशव्यांची मुलगी दिलेली होती. थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर १७४० मध्ये याच बाबूजी नाईकांनी पेशवेपदावर आपला हक्क पुढे केला आणि थकलेल्या रकमेचा तगादाही लावला. महादोबा पुरंदरे यांच्या पतीवर तो प्रसंग निभावला. येथे राज्याची पत आणि व्यक्तीची पत यांत भेद नव्हता. धनी गेला की कर्ज तत्काळ अंगावर येत असे; कारण ऋणको राज्य नसून माणूस होता. माधवराव मृत्युशय्येवर असताना त्यांना कर्जफेडीची एवढी चिंता का वाटावी, याचा उलगडा यातून होतो.

फेडीचे साधनही असेच तात्कालिक होते. नेहमीच्या महसुलाबाहेर जी पट्टी बसवीत, तिचे 'कर्जपट्टी' हे नावच पुरेसे बोलके आहे.

मुंबईचे कर्ज

मुंबई सरकारची स्थिती वरकरणी याहून वाईट होती. मुलूख लहान, महसूल तुटपुंजा आणि लष्कर व आरमार यांचा खर्च मोठा असल्याने मुंबईचा हिशेब नेहमी तुटीचा असे. सुरतेच्या त्रवाडी अर्जुनजी नाथजी यांच्यासारख्या सराफांकडून उचल घ्यावी आणि ती बंगालवरच्या हुंड्यांनी फेडावी, हा तिचा शिरस्ता होता. १७८८ च्या सुमारास गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या मनात मुंबई इलाखा जवळजवळ मोडीत काढून तेथे केवळ वखार ठेवावी, असा विचार आला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या तुटीतूनच शेजाऱ्याच्या मुलखाकडे पाहण्याची दृष्टी तयार झाली. डिसेंबर १७७४ मध्ये साष्टी घेतली गेली. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने कंपनीच्या २,५०० सैनिकांसाठी दरमहा दीड लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवले. १७७६ च्या पुरंदर तहात युद्धखर्चापोटी बारा लाखांची मागणी आली. म्हणजे युद्ध कंपनीने करावे आणि त्याचा खर्च शेजाऱ्याच्या करांतून निघावा, हे सूत्र येथपासूनच दिसते.

मावळाने या सूत्राचे पहिले अपयश पाहिले. १७७८ च्या अखेरीस सुमारे ३,९०० माणसे आणि १९,००० बैल यांचा तांडा घेऊन कंपनीची फौज घाट चढून आली. कार्ल्यानजीक कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी परंपरेत तो 'इष्टुर फाकडा' म्हणून राहिला. ९ जानेवारी १७७९ रोजी फौज तळेगावास पोहोचली तेव्हा शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी गाव जाळून टाकलेले होते. त्या महिन्याच्या मध्यास वडगाव येथे इंग्रजांना अपमानकारक करार करावा लागला. वडगावच्या विजयाचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. जळालेल्या तळेगावची किंमत मात्र त्या विजयाच्या हिशेबात सहसा मांडली जात नाही.

पुढे वारंवार युद्धे करूनही कंपनी बुडाली नाही. वेलस्लीच्या कारकिर्दीत हिंदुस्थानातील तिचे कर्ज सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांवरून (१७९८) ३ कोटी पौंडांच्या वर (१८०६) गेले. पौंडाला आठ रुपये धरले तरी ही वाढलेली रक्कम २४ कोटी रुपयांहून अधिक होते. अर्थात हा आकडा साऱ्या हिंदुस्थानातील कंपनीचा आहे आणि पेशव्यांचा आकडा एका दरबाराचा, हे विसरून चालणार नाही. अधिक महत्त्वाचा भेद कर्जाच्या स्वरूपात आहे. कंपनीचे कर्ज रोख्यांवर होते. रोखा विकता येत असे, मुदत संपल्यावर त्याच्या बदली नवा रोखा देता येत असे आणि गव्हर्नर बदलला म्हणून सावकार दारात येऊन बसत नसे. १८१० च्या सुमारास आठ टक्क्यांचे रोखे सहा टक्क्यांवर आणणे कंपनीला शक्य झाले. नानासाहेब जे बारा ते अठरा टक्क्यांनी घेत होते, ते कंपनी निम्म्या व्याजात मिळवीत होती.

करांची बाजू

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावाने तैनाती फौजेसाठी वार्षिक २६ लाखांचा मुलूख तोडून दिला; जून १८१७ च्या पुणे तहाने आणखी ३४ लाखांचा गेला. कंपनीच्या रोख्यांमागील तारणात अशा रीतीने शेजाऱ्याच्या महसुलाची भर पडत गेली.

मग बाजीरावाचा खजिना भरला कसा? याचे उत्तर मक्त्याच्या पद्धतीत आहे. परगणा जो जास्त बोली लावील त्याला द्यावयाचा, पैसे आगाऊ घ्यावयाचे आणि वसुलीची चौकशी करावयाची नाही. मक्तेदार पाटलावर बसे आणि पाटील कुळांवर. सारा भरण्यासाठी कुणबी सावकाराकडे जात असे. डॉ. टॉमस कोट्स याने पेशवाई संपताच पुण्याजवळील लोणी गावाची जी पाहणी केली, तीत बहुतेक कुळे कर्जात असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कर्ज नाहीसे झालेच नव्हते. ते दरबाराच्या वहीतून गावकऱ्यांच्या खतांमध्ये गेले होते. 'कर्जमुक्त राज्य' या शब्दाची भुरळ ज्यांना पडते त्यांनी लोणीचे हे वर्णन अवश्य वाचावे.

घाटावरील जकातीचाही उल्लेख केला पाहिजे. बैलाच्या गोणीमागे ठिकठिकाणी जकात द्यावी लागत असल्याने 'हुंडेकरी' नावाचा मध्यस्थ वर्ग निर्माण झाला होता. एकरकमी पैसे घेऊन तो माल सर्व नाक्यांतून पार करून देत असे. मुंबई इलाख्यातील या अंतर्गत जकाती १८३८ मध्ये उठल्या. तत्पूर्वी १८३० मध्ये जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला होता.

वैद्यकीय खर्च

तुलना सर्वाधिक फसवी ठरते ती येथे. पेशव्यांच्या जमाखर्चात आरोग्य असे स्वतंत्र खाते नव्हते. तथापि वैद्य व हकिमांना इनाम जमिनी दिल्याच्या नोंदी रोजनिशींत आहेत. लोकांना औषध फुकट द्यावे, ही त्यामागील अपेक्षा होती. वाई येथील औषधी वनस्पतींच्या बागेचाही उल्लेख आढळतो. इनाम म्हणजे सोडून दिलेला सारा. तो खर्चाच्या बाजूस येत नाही, जमेच्या बाजूस कमी पडतो. त्यामुळे खर्चाचा रकाना पाहणाऱ्यास पेशव्यांनी वैद्यकावर काहीच वेचले नाही असे वाटते.

कंपनीचे उलटे होते. तिचे सर्जन पगारी असल्याने त्यांच्यावरील प्रत्येक रुपया वहीत दिसतो. परंतु ते मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी होते. रयतेपर्यंत पोहोचलेली एक मोठी गोष्ट म्हणजे देवीची लस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत आना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या हातावरून इतर मुलांना, त्यांच्यावरून आणखी इतरांना, अशी हातोहात ती लस पुढे गेली. पुण्यात तिचा प्रसार करणाऱ्यांत रेसिडेन्सीचा सर्जन असलेला हाच कोट्स होता. या उपक्रमास आलेला खर्च लष्करावरील खर्चाच्या मानाने नगण्य होता. तेव्हा वैद्यकावरील रक्कम आणि लोकांना झालेला लाभ यांचे प्रमाण दोन्ही राज्यांत जुळत नाही, हे मान्य करावे लागते.

नव्या सत्तेने इनामांची तपासणी हाती घेतली तेव्हा तिच्या कागदपत्रांत या सर्व देणग्या, मग त्या देवस्थानाच्या असोत वा वैद्याच्या, सरकारच्या हातून गेलेला महसूल म्हणून एकाच रकान्यात लिहिल्या गेल्या. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि धारकास आपला हक्क सनदेने सिद्ध करावा लागला. इनामाच्या बदल्यात तो गावाला कोणती सेवा देत होता, याचे मोल त्या हिशेबात कोठेच धरलेले नव्हते.