पंधरा दिवसांची मुदत आणि एक पोचपावती

हक्क ही कल्पना इतिहासात कशी उभी राहिली, ते या मालेत आपण पाहतो आहोत. आजचा विषय बेकारी भत्ता. ऐकायला रुक्ष आहे खरा. पण हक्क कागदावर असणं आणि हातात पडणं यांतलं अंतर समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

थोडं इंग्लंडमध्ये डोकावू. तिथल्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानं बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगारांना बेकारीच्या काळात आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे, देऊ केले. दावा नाकारला तर दाद मागायची सोयही होती. पण १९२१ पासून एक अट शिरली: आपण खरोखर काम शोधतो आहोत हे कामगारानं सिद्ध करायचं. आता बघा, कामच नाही तिथं ते शोधल्याचा पुरावा आणायचा कुठून? बरीच ओरड झाल्यावर १९३० मध्ये ही अट गेली. तर्कशास्त्रात आपण ज्याला पुराव्याचा भार म्हणतो, तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हा या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

आता आपल्याकडं येऊ. ब्रिटिशांच्या काळात दुष्काळी कामं होती, पण दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवायचं. काम ही मेहेरबानी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हे समीकरण उलटं केलं. त्यांनी आधी तासगाव भागात प्रयोग करून पाहिला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खोदणाऱ्या लाखो हातांनी त्याची निकड दाखवून दिली. 'मागेल त्याला काम' हे त्याचं सूत्र. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगारपत्रकात आपण जी कपात पाहतो, तिचं मूळ इथं आहे. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्यात एक छोटं कलम होतं. काम मागितल्यापासून १५ दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठं होतं. काम न मिळाल्याचा दोष आता मजुराचा नव्हता, शासनाचा होता. पुराव्याचा भार सरकला होता.

मग भत्ता मिळाला का? फार थोड्यांना. कारण साधं आहे. १५ दिवस मोजायचे तर पहिला दिवस कुठला हे ठरायला हवं, आणि तो ठरतो तारीख घातलेल्या पोचपावतीवरून. अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिलीच नाही, की मुदत सुरूच होत नाही. कायदा कुणी मोडला नाही आणि हक्क मात्र बुडाला! म्हणून रोजगार हमीच्या मोर्च्यांत भत्त्याइतकीच पोचपावतीची मागणी असायची.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्यानं हीच रचना देशभर नेली. पहिले ३० दिवस मजुरीदराच्या किमान पाव, त्यानंतर किमान निम्मा भत्ता. त्या कायद्यात मजुरीचा खर्च केंद्राचा होता, भत्त्याचा मात्र राज्याचा. हेतू असा की भत्त्याच्या भीतीनं राज्यं काम काढतील. पण त्याच भीतीनं मागणीची नोंदच टाळण्याचा मोहही झाला.

दुसरं दुखणं काम केल्यानंतरच्या पैशांचं. मजुरी पंधरवड्याच्या आत मिळायला हवी, नाहीतर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. म्हणजे हजार रुपये थकले तर रोजचे ५० पैसे. तेही मोजताना पैसे पाठवण्याचा आदेश निघाला की घड्याळ थांबवायचे. पुढं खात्यात पडायला लागलेले दिवस हिशेबात धरत नसत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारच्या आतल्या टप्प्यांशी मजुराला देणंघेणं नाही. भरपाई सगळ्या विलंबाची द्यावी लागेल.

शिवाय 'आधार'वर पैसे येऊ लागल्यावर नवीच भानगड. खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं आणि पैसे ज्या खात्याकडं वळतात ते खातं तेच असणं वेगळं. मागाहून दुसऱ्या बँकेत खातं जोडलं की पैसे तिकडं जातात, आणि बाई मात्र जुनंच पासबुक घेऊन हेलपाटे घालते. अशा वेळी बँकेत विचारायचा प्रश्न 'पैसे आले का' एवढाच नाही, तर 'माझ्या आधारवर सध्या कुठली बँक लागली आहे' हा आहे.

आपल्यापैकी जे गावाकडच्या मजुरांसोबत काम करतात, त्यांना आम्ही तीनच गोष्टी सांगू. मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. हजेरीपटावरचे दिवस आपल्या वहीत उतरवून ठेवा. पैसे अडले तर ते कुठल्या टप्प्यावर अडले हे आधी शोधा, मग त्या टप्प्याच्या अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा.

पागे यांनी पुराव्याचा भार मजुराच्या डोक्यावरून उतरवला होता. पावतीच्या, खात्याच्या, संगणकाच्या वाटेनं तो हळूच परत तिथंच येऊन बसला. तो पुन्हा उतरवायचा तर कायद्याच्या कलमांइतकंच कचेरीतल्या टेबलाकडंही पाहावं लागेल. यावर आपले काही प्रश्न असतील तर आता घेऊ.