नदी-क्रूझ, युरोपातील : तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी निवड

युरोपातील मोठ्या नद्यांवरून, राहण्या-जेवण्याची सोय असलेल्या प्रवासी जहाजाने केलेली, साधारणपणे एका आठवड्याची सहल. जहाज बहुधा रात्री पुढे सरकते आणि दिवसा एखाद्या गावाच्या धक्क्याला लागते. प्रवासी पायी किंवा बसने गाव पाहून जेवायला परत येतात. सामान एकदाच उघडावे लागते, रोज नवे गाव दिसते आणि समुद्रावर लागते तशी बोट लागत नाही. त्यामुळे आजी-आजोबा, त्यांची मुले आणि नातवंडे यांनी एकत्र जाण्यासाठी ही सहल सोयीची मानली जाते. ती सोयीची आहेही, पण सरसकट नाही. यांतली बहुतेक जहाजे निवृत्त जोडप्यांचा विचार करून बांधलेली आहेत. म्हणून कंपनीचे माहितीपत्रक उघडण्याआधी नदीचा टप्पा, जहाजाचा आराखडा आणि महिना या गोष्टी ठरवाव्यात, आणि त्या ठरवताना घरातले सर्वांत दुखरे गुडघे व सर्वांत लहान मूल यांचा विचार सर्वांत आधी करावा.

जहाजाची मापे : या जहाजांवर काय मिळते आणि काय मिळत नाही, हे बरेचसे जलपाशांनी ठरवलेले आहे. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेतात. ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांना माइन नदीमार्गे जोडणारा कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी पूर्णपणे खुला झाला. बँबर्ग ते केल्हाइम हे १७१ किमी. अंतर तो १६ जलपाशांनी पार करतो आणि समुद्रसपाटीपासून ४०६ मी. उंचीवर जलविभाजक ओलांडतो. शार्लमेन राजाने ७९३ मध्ये याच परिसरात कालवा खणायला घेतला होता. या कालव्यामुळे उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत एकच जहाज जाऊ लागले आणि आजच्या क्रूझ-व्यवसायाला वाट मिळाली. मात्र कालव्यातील जलपाश १२ मी. रुंद असल्याने दोन्ही नद्यांवर फिरणारे जहाज सुमारे ११.४ मी. रुंद ठेवावे लागते, आणि लांबी १३५ मी.पर्यंतच नेता येते. उंचीला पुलांची मर्यादा आहे. एवढ्या जागेत तीन मजले आणि दीडशे-पावणेदोनशे प्रवासी बसवले की मुलांच्या खेळण्याची खोली, मोठा पोहण्याचा तलाव किंवा प्रशस्त केबिन यांना जागा उरत नाही. फक्त डॅन्यूबवर फिरणाऱ्या जहाजांना ही अडचण कमी, कारण तिथले मोठे जलपाश २४ मी. रुंद आहेत; २०१९ मध्ये तिथे २२ मी. रुंदीचे ‘अमामॅग्ना’ हे जहाज सुरू झाले.

मुलांना मोकळेपणी फिरता येईल अशी जागा म्हणजे वरचा उघडा डेक. ठेंगण्या पुलांच्या पट्ट्यात तोच बंद ठेवतात. कठडे आणि छत्र्या आडव्या करतात, सुकाणूची खोलीसुद्धा खाली उतरवतात. ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट हा दोन आठवड्यांचा लांब मार्ग कालव्यातून जातो आणि तिथे असे पूल बरेच आहेत. लहान मुले बरोबर असतील तर हा मार्ग घेऊ नये. अभियांत्रिकीची आवड असलेल्या आजोबांना जलपाश पाहायचे असतील तर ते इतर मार्गांवरही पुरेसे भेटतात.

केबिन बहुधा दोघांची असते. तिसरा पलंग मावेल अशा किंवा आतून दाराने जोडलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि त्या सर्वांत आधी संपतात. सहा जणांच्या कुटुंबाने तीन केबिनचा हिशेब धरावा. सर्वांत खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त असते, पण तिची खिडकी पाण्याच्या थोडी वर, लहान आणि न उघडणारी असते. तरुण मुलांना ती चालते. आजी-आजोबांना ती देऊ नये, आणि त्याचे कारण खिडकी नव्हे, लिफ्ट हे आहे. अनेक जहाजांत लिफ्ट फक्त मधल्या आणि वरच्या मजल्यांदरम्यान चालते. ती तळमजल्यापर्यंत जात नाही आणि उघड्या डेकवर तर क्वचितच पोचते. लिफ्ट आहे का, एवढेच विचारून थांबू नये. ती कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत जाते, हे जहाजाच्या नकाशावर पाहून घ्यावे. एकटी आजी किंवा एकटे आजोबा बरोबर असतील तर एकट्याने केबिन वापरल्याचा जादा आकार पडतो. तो आजी आणि मोठी नात यांना एका केबिनमध्ये ठेवून टाळता येतो, आणि पुष्कळदा दोघींनाही तेच आवडते.

धक्क्यावर जागा कमी असली की दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून उभी करतात. मग बाहेर पडायला शेजारच्या जहाजातून, कधी त्याच्या वरच्या डेकवरून जिने चढून-उतरून जावे लागते, आणि खिडकीबाहेर नदीऐवजी दुसऱ्याची खिडकी येते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना हे जड जाते. जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो. रुग्णालय काठावरच्या गावात गाठायचे असते. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा जास्तीची घ्यावीत आणि आधीपासूनचे आजार विम्यात धरले आहेत की नाही, ते लेखी पाहावे.

नदी आणि टप्पा : पहिल्या सहलीसाठी डॅन्यूबचा पासाऊ ते बुडापेस्ट हा टप्पा सर्वांत भरवशाचा. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम आहे. पुढे मेल्क ते क्रेम्स हे सुमारे ३६ किमी.चे वाखाऊ खोरे लागते. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा आणि काठावरची जुनी गावे यांसाठी युनेस्कोने २००० मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवले. कुटुंबाच्या दृष्टीने वाखाऊचे महत्त्व वेगळेच आहे : एकाच थांब्यावर तीन पिढ्यांना तीन वेगळे कार्यक्रम करता येतात. मेल्कच्या टेकडीवरचा मठ पाहायला बस वरपर्यंत नेते. आई-वडील नदीकाठच्या सायकलवाटेने पुढच्या गावी जाऊन जहाज गाठू शकतात. ड्युर्नश्टाइनला, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात जिथे कैदेत होता, त्या पडक्या किल्ल्यापर्यंत मोठी मुले धावत चढतात. आजी-आजोबा खाली गल्लीत जर्दाळूचा मुरंबा चाखत बसतात. संध्याकाळी एका टेबलावर तिन्ही हकीकती एकत्र होतात. सगळ्यांनी सगळे एकत्र पाहण्याचा हट्ट धरला की अशी सहल थकवते, म्हणून टप्पा निवडताना प्रत्येक थांब्यावर अशी फाटाफूट शक्य आहे का, हे पाहावे.

व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात १७५२ पासूनचे प्राणिसंग्रहालय आहे, ते जगातले सर्वांत जुने. प्राटर बागेतला मोठा पाळणा १८९७ चा. तिथला क्रूझचा धक्का मात्र जुन्या शहरात नाही, मेट्रोने जावे लागते. बुडापेस्टला जहाज शहराच्या मध्यातच लागते. तिथल्या बुडा टेकड्यांत ११.२ किमी.ची बालरेल्वे आहे : तिकीट देणे, तपासणे, सिग्नल सांभाळणे ही कामे १० ते १४ वर्षांची मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली करतात, इंजिन तेवढे मोठी माणसे चालवतात. शाळकरी नातवंडांसाठी त्या शहरातली अर्धी सकाळ तिथेच घालवावी.

ऱ्हाईनवर बिंगेन ते कोब्लेंझ हा ६५ किमी.चा किल्ल्यांचा घाट दिवसाउजेडी पार करतात, आणि डेकवर बसून पाहण्यासारखा इतका सलग देखावा दुसऱ्या कोणत्याही नदीवर नाही. पायऱ्या चढवत नाहीत त्यांनाही सगळे दिसते. कोलोनच्या कॅथीड्रलचा दक्षिण मनोरा ५३३ पायऱ्यांचा, म्हणजे नातवंडांचा. चॉकलेट संग्रहालय सर्वांचे. श्पायरला थांबा असेल तर तिथल्या तंत्र-संग्रहालयात उंच खांबांवर बसवलेल्या बोइंग ७४७ विमानात शिरता येते. पोर्तुगालची डोरू नदी देखणी आहे, पण तिथे रात्री जहाज चालवत नाहीत, थांबे लहान आणि बसचे रस्ते वळणावळणाचे. शिवाय कार्यक्रमात वाइनचा भाग मोठा. मोठ्या मुलांनाच ती मानवते. सेन नदी पॅरिसपासून नॉर्मंडीकडे नेते, आणि आधी कधी युरोप न पाहिलेल्या आजी-आजोबांना ती आवडते.

वयाच्या अटी : व्हायकिंग ही मोठी कंपनी १८ वर्षांखालील प्रवाशांना घेतच नाही. उलट अमावॉटरवेज २०१६ पासून डिस्नीच्या सहल-विभागाबरोबर खास कौटुंबिक फेऱ्या काढते, टॉकच्या ‘ब्रिजेस’ सहलींतही नदीप्रवास असतात, आणि जर्मनीची आ-रोझा व फ्रान्सची क्रुआझीयुरोप या कंपन्या मुलांना घेतात. मुलांचे उपक्रम कोणत्या भाषेत चालतात, ते या शेवटच्या दोघींना विचारून घ्यावे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना मात्र कोणतेच जहाज नीट सामावून घेत नाही. रात्रीचे जेवण सर्वांना एकाच वेळी आणि दीड-दोन तास चालणारे असते.

शाकाहारी जेवण मिळते, पण ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या शब्दाने भागत नाही. अंडे, मांसाचे किंवा माशाचे पाणी घातलेले सूप, जिलेटिन, आणि जैन कुटुंब असेल तर कांदा-लसूण व कंदमुळे, असे एकेक नाव घेऊन सांगावे.

महिना : जहाजे साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत आणि पुढे नाताळबाजारांसाठी डिसेंबरपर्यंत चालतात. खास कौटुंबिक फेऱ्या मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये असतात, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या शाळांच्या सुट्टीत. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे इथल्या नातवंडांना त्या जुळत नाहीत. नातवंडे न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणारी आणि आजी-आजोबा पुण्याहून येणारे असतील तर मात्र जुलै हाच महिना सर्वांना सापडतो. महाराष्ट्रातून सगळे निघणार असतील तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे उत्तम : नेदरलँड्समध्ये कॉइकेनहोफची ट्यूलिपबाग मेच्या मध्यापर्यंत उघडी असते, जमीन सपाट आहे आणि किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या जहाजाच्या वाटेवर येतात. नाताळबाजारांच्या जाहिराती मोहक असतात, पण जर्मनीतले बहुतेक बाजार २३-२४ डिसेंबरला उठतात. आपली नाताळची सुट्टी तेव्हा कुठे सुरू होते.

पाण्याची पातळी हाही महिन्याचाच प्रश्न आहे. इफेट्सहाइमच्या खाली ऱ्हाईनवर एकही जलपाश नाही, ती मोकळी वाहते, म्हणून कोरड्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काउब गावाजवळ पाणी उथळ होते. २०१८ आणि २०२२ मध्ये हे तीव्रतेने घडले. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा भाग असाच नाजूक आहे, आणि पासाऊहून सुरू होणारी सहल तो टाळते. पुराचा धोका उलट दिशेचा : जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मी.पर्यंत चढले होते. अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसने पुढे नेऊन दुसऱ्या जहाजात बसवते किंवा हॉटेलात ठेवते. हा बदल करण्याचा हक्क करारात कंपनीने राखलेला असतो. तो परिच्छेद वाचूनच पैसे भरावेत.

व्हिसा : भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त दिवस जाणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि जहाजावरचे दिवसही देशवार मोजायचे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो, त्याहून लहानांना माफ आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आई-वडील मागे राहून आजी-आजोबाच नातवंडांना नेणार असतील तर दोन्ही पालकांचे संमतिपत्र लागते. बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडकडे जाणारी सहल सर्बियात, म्हणजे शेंगेनबाहेर जाते. परत आत यायला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा.

कालव्यातली बोट : आठ-दहा जणांच्या कुटुंबाला एक दुसरा पर्यायही आहे, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. फ्रान्समधील कालव्यांवर स्वतः चालवायच्या बोटी परवान्याशिवाय भाड्याने मिळतात. प्येर-पॉल रिके याने आखलेला आणि १६८१ मध्ये खुला झालेला मिदी कालवा २४० किमी. लांब आहे, बोट ताशी ८ किमी.पेक्षा वेगाने न्यायची नाही. बोटीत स्वयंपाकघर असते, त्यामुळे जेवणाचा प्रश्न सुटतो, आणि तीन-चार वर्षांच्या मुलालाही कोणी नाही म्हणत नाही, जाकीट घालून तेवढे ठेवावे लागते. जलपाशात दोर धरायला दोन दणकट माणसे हवीत आणि काठावर चढ-उतार करावी लागते. आजी-आजोबांना ती जमत नसेल तर बोट वर येईपर्यंत त्यांनी आतच बसावे. सामान उचलायला आणि बाजार आणायला सायकलवरून जाणारी नातवंडे असतातच. सगळ्यांच्या हाताला काम मिळते, म्हणून तिथे वेगळे मनोरंजन लागत नाही.