वेगमर्यादा भंगाचे ई-चलान: वाहन परवाना आणि विमा हप्त्यावर काय परिणाम होतो?

नागपूरहून दिल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पूर्व-पश्चिम धावणारा क्रमांक २७ हे झाशी येथे एकमेकांना छेदतात. या मार्गाने उत्तरेकडे जाणाऱ्या महाराष्ट्रातील वाहनचालकांना उत्तर प्रदेशातील हे पहिले मोठे शहर लागते आणि शहरात शिरल्यावर इलाइट चौराहा हा मध्यवर्ती, गजबजलेला चौक. इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे वाहतुकीवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्र सरकारने ११ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या नियमात देशातील १३२ शहरांची यादी आहे. तीत महाराष्ट्रातील १९, तर झाशीसह उत्तर प्रदेशातील १७ शहरांचा समावेश आहे. परराज्यातील रस्त्यावर झालेला वेगमर्यादेचा भंगही त्यामुळे ई-चलानच्या रूपाने वाहनमालकाच्या घरापर्यंत पोहोचू शकतो.

अशा वेळी दोन प्रश्न विचारले जातात. परवान्यावर दंडगुण चढतात का आणि विम्याचा हप्ता वाढतो का? सध्याच्या व्यवस्थेत दोन्ही प्रश्नांचे थेट उत्तर नकारार्थी आहे. मात्र याच चलानमधून पुढे परवाना निलंबित झाला, तर विम्याचे संरक्षणच धोक्यात येते.

वेगमर्यादा आणि दंड

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० किलोमीटर आणि नगरपालिका हद्दीतील रस्त्यावर ७० किलोमीटर वेगाची मुभा आहे. दुचाकीसाठी चौपदरी रस्त्यावर ८० आणि शहरात ६० किलोमीटर ही मर्यादा आहे. राज्य सरकार वा स्थानिक प्रशासन यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकते. त्यामुळे रस्त्यावरील फलकावर लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये मर्यादा ओलांडण्याबद्दल दंडाची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम वा अवजड वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. प्रत्यक्ष तडजोड शुल्क प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे अधिसूचित करते.

परवान्यावरील परिणाम

केंद्रीय कायद्यात गुणांची पद्धत नसली, तरी परवाना पूर्णपणे सुरक्षित राहतो असे नाही. कलम १८३ नुसार दुसऱ्यांदा वा त्यानंतर गुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. कलम २०६ नुसार पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकरणाकडे पाठवू शकतो. त्यानंतर कलम १९ नुसार प्राधिकरण परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घेते. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्रता, तर पुढील गुन्ह्यासाठी परवाना रद्द असा आदेश प्राधिकरण देऊ शकते. परवाना परत मिळवण्यासाठी चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अतिवेगाबद्दल किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते.

कॅमेऱ्याने केलेल्या चलानमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा परवाना नव्हे. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. परवान्यावरील कारवाई मात्र चालकावर होते. म्हणून अधिकाऱ्याने विचारणा केल्यास त्या वेळी वाहन कोण चालवत होते, ही माहिती देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे.

गुणपद्धती कोठे आहे?

तेलंगणाने ऑगस्ट २०१७ मध्ये दंडगुणांची पद्धत सुरू केली. २४ महिन्यांत १२ गुण जमा झाल्यास परवाना एक वर्षासाठी निलंबित करण्याची तरतूद तीत होती. ब्रिटनमध्ये अतिवेगासाठी किमान १०० पौंड दंड आणि तीन गुण दिले जातात; तीन वर्षांत १२ गुण झाल्यास परवाना गमावण्याची वेळ येते. तेथील विमा कंपन्या ग्राहकाकडे मागील पाच वर्षांतील दोषसिद्धीची माहिती मागतात. त्यामुळे एका चुकीचा भार पुढील अनेक हप्त्यांवर पडतो.

विमा हप्ता कसा ठरतो?

भारतात वाहन विम्याचे दोन मुख्य भाग आहेत. त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, कायद्याने सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी वार्षिक २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये हप्ता निश्चित करण्यात आला. हा दर इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. चालकाच्या चलानशी त्याचा संबंध नाही.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी असलेल्या विम्याचा दर कंपन्या ठरवतात. वाहनाची घोषित किंमत, वय, क्षमता आणि नोंदणीचे ठिकाण हे त्याचे प्रमुख आधार आहेत. वर्षभरात दावा केला नाही, तर ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. ही सवलत २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते. ती दाव्यामुळे जाते, चलानमुळे नाही. मात्र अतिवेगामुळे अपघात होऊन नुकसानीचा दावा करावा लागला, तर जमा झालेली सवलत गमवावी लागते.

विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये ‘वाहतूक नियमभंग हप्ता’ सुचवला होता. मद्यपान करून वाहन चालवण्यास १०० गुण आणि चुकीच्या पार्किंगला १० गुण देऊन त्यानुसार जादा हप्ता आकारावा, असा तो मसुदा होता. प्रारंभी दिल्ली व परिसरात प्रयोग करण्याची शिफारस त्यात होती. देशभर सक्तीची अशी व्यवस्था लागू झालेली नाही. जुलै २०२२ पासून मात्र वाहन चालवण्याच्या पद्धतीनुसार हप्ता ठरवणारी ऐच्छिक जोड-सुविधा देण्यास कंपन्यांना परवानगी आहे.

खरी जोखीम

विमा करारानुसार वाहन चालवणाऱ्याकडे वैध परवाना असावा लागतो आणि तो अपात्र ठरलेला नसावा लागतो. निलंबनाच्या काळात अपघात झाल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही वैध परवान्यावरच अवलंबून असते. शिवाय अपात्र असताना वाहन चालवल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जखमी वा मृत त्रयस्थाच्या बाबतीत न्यायालयांनी पीडिताच्या बाजूने भूमिका घेतली आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये परवान्याशी संबंधित अटभंगाच्या प्रकरणांतील तत्त्वे स्पष्ट केली. त्यानुसार कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगून ती रक्कम नंतर विमाधारकाकडून वसूल करण्याची मुभा दिली जाऊ शकते. अशा वेळी लाखो रुपयांचे दायित्व अखेर मालकाच्या माथी येते.

या धोक्याचे प्रमाण आकडेवारीतही दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते.

चलान आल्यावर काय तपासावे?

नियमानुसार नियमभंगाची सूचना १५ दिवसांत पाठवली गेली पाहिजे. तीत वाहन क्रमांक दिसणारे छायाचित्र, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असणे आवश्यक आहे. देखरेखीखालील रस्त्यावर पूर्वसूचनेचा फलक असणेही बंधनकारक आहे. तपशील चुकीचा असल्यास तक्रार नोंदवता येते किंवा न्यायालयात दाद मागता येते. परवान्याबाबत नोटीस आल्यास सुनावणीला उपस्थित राहणे आणि निलंबनाचा आदेश निघाल्यास तो काळ संपेपर्यंत वाहन न चालवणे, यातच मालकाचे आर्थिक हित आहे.