आकाशातील कंत्राटदार

मानखुर्दच्या दक्षिणेस ट्रॉम्बेची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी १९५४ साली अणुसंशोधन सुरू झाले, आणि भारताचे अवकाशसंशोधनही आरंभी त्याच अणुऊर्जा खात्याच्या आश्रयाने वाढले. म्हणून हा विषय मानखुर्दकरांना अगदीच परका नव्हे.

जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेस डॉ. होमी भाभांचे नाव मिळाले. त्याच महिन्यात अवकाशकरार सह्यांसाठी खुला झाला. भारतानेही पुढे त्यावर सही केली. त्यापूर्वी काही वर्षे एक वाद चालला होता. अवकाशात केवळ सरकारांनीच जावे, असे रशियाचे म्हणणे होते. खाजगी कंपन्यांनाही वाव हवा, असे अमेरिकेचे. तडजोड सहाव्या कलमात झाली. कंपनीने जावे, परंतु तिच्या सरकारने परवानगी द्यावी, सतत देखरेख ठेवावी आणि जबाबदारीही घ्यावी.

आम्हा कामगार कार्यकर्त्यांना हे तत्त्व ओळखीचे आहे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले होते. तथापि कलम असणे निराळे आणि दाराशी निरीक्षक येणे निराळे, हे आम्ही गेटसभांतून शिकलो.

२००८ च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेल्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली. तिचा तांडेल व खलाशी मारले गेले. नौकेवर उपग्रह-फोन आणि जीपीएस यंत्र सापडले. तेच यंत्र आमच्या कोळी बांधवांना धुक्यातून घरी आणते. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे. ते कोणाच्या हाती जाते आणि त्याचा जाब कोण देतो, हा खरा प्रश्न आहे.

२०२२ साली युक्रेनमध्ये तो उघडपणे पुढे आला. २४ फेब्रुवारीस, आक्रमणाच्याच दिवशी, एका खाजगी उपग्रहजाळ्यावर सायबर हल्ला झाला. त्यात दूर जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. पुढे दुसऱ्या एका कंपनीची उपग्रहसेवा युक्रेनच्या सैन्याचा आधार बनली. क्रिमियाजवळ ती सुरू करण्याची विनंती आपण मानली नाही, असे त्या कंपनीच्या मालकाने २०२३ साली स्वतःच सांगितले. त्याचा निर्णय बरोबर असेल वा चूक. परंतु रणांगणावरील कळ एका कारखानदाराच्या बोटाखाली असावी, हे त्या सहाव्या कलमाच्या कर्त्यांना खचित अभिप्रेत नव्हते.

आपल्याकडे २०२३ साली अवकाशधोरण आले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्याच्या आधारे कोणास न्यायालयात खेचता येत नाही. युद्धकाळात सेवा कोणास द्यावी, केव्हा थांबवावी, आणि तीमुळे कंपनीच्या तळावरील कामगार शत्रूचे लक्ष्य झाला तर भरपाई कोणी करावी, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर करार कोणी वाचत बसत नाही. ही मागणी शास्त्रज्ञांवर सोपवून आपणांस मोकळे होता येणार नाही; कारण पहिला बळी 'कुबेर'वरील खलाश्यासारखाच कोणी असतो.