शेवटच्या स्थानकावरचे गोल्फ मैदान

गोल्फ म्हटले की खासगी क्लब, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, लाखोंचे सभासदत्व आणि खांद्यावर बॅग वाहणारा कॅडी असे चित्र आपल्याकडे डोळ्यांपुढे येते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर टोकाला, ब्राँक्स भागात, मात्र खेळाडू स्वतःची बॅग स्वतःच खांद्याला लावून लोकलने मैदानावर येताना दिसतात. भुयारी रेल्वेच्या १ क्रमांकाच्या मार्गावरील 'व्हॅन कोर्टलँट पार्क-२४२ स्ट्रीट' हे शेवटचे स्थानक. नावाला भुयारी असलेली ही गाडी येथे खांबांवरच्या मार्गावरून धावते. जिना उतरून काही मिनिटे चालले की उद्यानातील गोल्फ मैदान लागते. अमेरिकेतील हे सर्वांत जुने सार्वजनिक गोल्फ मैदान. क्लबचे सभासदत्व नाही, शिफारस नाही. ठरलेले शुल्क भरावे आणि खेळावे. शहराच्या रहिवाशांना ते थोडे कमी पडते.

या मैदानाचा जन्मच मुळी एका तडजोडीतून झाला. शेजारच्या रिव्हरडेल भागातील काही धनिक खेळाडूंना उद्यानाच्या जागेत गोल्फ हवे होते. उद्यान खात्याने होकार दिला, पण मैदान सर्वांसाठी खुले राहील या अटीवर. ६ जुलै १८९५ रोजी नऊ होलचे मैदान सुरू झाले. त्याची आखणी आजच्या नजरेने गमतीची होती. पहिले आठ होल अगदी आखूड आणि नववा मात्र सुमारे ७०० यार्डांचा. वाटेत दोन दगडी कुंपणे आणि दोन ओढे ओलांडावे लागत. चार वर्षांनी, १८९९ मध्ये, टॉम बेंडेलो या स्कॉटिश माणसाने ते अठरा होलचे केले. अ‍ॅबर्डीनहून आलेला हा गृहस्थ 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्रात खिळे जुळवण्याचे काम करीत असे. पुढे त्याने अमेरिकेत शेकडो मैदाने आखली. खेळण्याची वेळ आधी राखून ठेवणे, मैदानावर देखरेखीसाठी माणसे नेमणे या प्रथांचे श्रेयही त्यालाच दिले जाते. गर्दीचे नियोजन ही खासगी क्लबांपुढे क्वचित उभी राहणारी अडचण. सार्वजनिक मैदानाला मात्र तिच्यावर पहिल्यापासून उपाय शोधावा लागला.

आज न्यूयॉर्क महापालिकेच्या मालकीची डझनाहून अधिक गोल्फ मैदाने आहेत. भारतात हा खेळ अमेरिकेच्या कितीतरी आधी रुजला. १८२९ मध्ये स्थापन झालेला 'रॉयल कलकत्ता' हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. पण रुजला तो क्लब म्हणूनच. दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुबजवळचे मैदान किंवा सिडकोने खारघरच्या डोंगरांत उभारलेले मैदान असे अपवाद फार उशिरा आले. स्वस्त गोल्फ म्हणजे नेमके काय, हे म्हणूनच ब्राँक्समध्ये पाहण्यासारखे आहे.

तेथे पैशांत जे वाचते ते बरेचसे वेळेत मोजावे लागते. चौघांच्या एका गटाला अठरा होल खेळायला साधारण साडेचार तास लागतात. सुटीच्या दिवशी पुढचा गट हलेपर्यंत प्रत्येक टीवर थांबणे आले, आणि मग पाच तासही पुरत नाहीत. गटात दोघेच असतील तर दोन अनोळखी खेळाडू जोडून दिले जातात. टपाल खात्यातला निवृत्त कर्मचारी, वकील, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आयुष्यात पहिल्यांदाच क्लब हाती धरलेला कोणीतरी असे चौघे अर्धा दिवस एकत्र चालू शकतात. खासगी क्लबात हे घडणे कठीण. अर्थात सार्वजनिक गोल्फबद्दलची मुख्य तक्रारही, म्हणजे संथ खेळ, याच रचनेतून येते.

शरद ऋतूत या वेळेच्या हिशेबाला धार चढते. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीस सहाच्या आतच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि सूर्यास्त एकदम पाचच्या अलीकडे येतो. म्हणजे पूर्ण राउंड खेळायचा तर सकाळी साडेअकरापर्यंत पहिला फटका मारलेला बरा. दुपारनंतरचे सवलतीचे दर या दिवसांत लवकर लागू होतात. ते मोहात पाडणारे असतात, पण कमी दरात मिळतात बहुधा बारा-तेरा होल. उरलेले अंधार खातो. आणि सकाळ तरी मोकळी असते का? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे आपण दर हिवाळ्यात पाहतो. तसेच पाणी येथे गवताच्या पात्यांवर आणि पात्यांच्या आतही गोठते. अशा गवतावर पाय पडला की पेशी फुटतात आणि काही दिवसांत तेथे तपकिरी पावलांचे ठसे उमटतात. त्यामुळे दहिवर वितळेपर्यंत मैदान सुरूच होत नाही. सकाळचे सर्व गट तितके मागे सरकतात, आणि शेवटच्या गटाच्या पदरी आणखी कमी उजेड पडतो.

हे सगळे सोसून लोक याच दिवसांत का गर्दी करतात, याचे उत्तर मैदानावर आहे. उन्हाळ्यातला दमटपणा गेलेला असतो. येथील गवत थंड हवेचे. ऑगस्टच्या उकाड्यात कोमेजलेले हे गवत सप्टेंबरनंतर पुन्हा तरारते. जमीन कोरडी असेल तर चेंडू पडल्यावर चांगला घरंगळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओक, मेपल, स्वीटगम यांची पाने लाल-पिवळी होतात. थंड हवा जड असल्याने चेंडू थोडा आखूड पडतो, पण तक्रार करणारे कमी.

एक सूचना मात्र जाण्यापूर्वी ध्यानात ठेवावी. उन्हाळ्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक मैदाने ग्रीनवर शेकडो बारीक भोके पाडून त्यांत वाळू भरतात. मुळांना हवा मिळावी, माती मोकळी व्हावी यासाठी हे आवश्यकच असते. पण त्यानंतरचे दोन-तीन आठवडे चेंडू ग्रीनवर उड्या मारत जातो. वेळ राखतानाच हे काम कधी झाले ते विचारून घेतलेले बरे. पैसे भरल्यावर कळले तर चिडून उपयोग नाही.

खरा त्रास पानांचा. फेअरवेच्या मधोमध पडलेला, सर्वांनी पाहिलेला चेंडू पानांखाली असा नाहीसा होतो की चौघे पायांनी पाचोळा उडवीत फिरत राहतात. २०१९ पासून शोधासाठी तीनच मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत. चेंडू सापडला नाही तर एक दंडाचा फटका घेऊन आधीच्या जागी परत जायचे, हा मूळ नियम. सार्वजनिक मैदानावर मागे गट तिष्ठत असताना तो पाळणे म्हणजे सर्वांचा रोष ओढवून घेणे. यावर नियमांतच काही वाटा आहेत. सुटी पाने हा नियमांच्या भाषेत 'सुटा अडथळा' आहे; ती हाताने दूर करता येतात, मात्र तसे करताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो (ग्रीनवर तो माफ असतो). कर्मचाऱ्यांनी उचलून नेण्यासाठी लावलेला पानांचा ढीग असेल तर ती 'दुरुस्तीखालील जमीन' मानली जाते, आणि चेंडू त्यातच गेला हे जवळजवळ निश्चित असल्यास दंडाशिवाय दुसरा चेंडू टाकता येतो. पानगळीच्या हंगामापुरता ठरावीक होलवरील साचलेल्या पाचोळ्यालाही हाच दर्जा देणारा स्थानिक नियम मैदानाच्या समितीला करता येतो. तो लागू आहे का, हे पहिल्या टीवर जाण्याआधी विचारावे. मित्रांमित्रांत 'पानात हरवला, सोडून दे' असा समझोता चालतो. गुणपत्रिका अधिकृत नोंदवायची असेल तर चालत नाही.

मैदान पार ७० चे, लांबीला बेताचे, तरी सहाशे यार्डांहून लांब असे दोन होल येथे आहेत. तळ्याकाठचा सपाट भाग ओलांडून शेवटाकडे गेले की चढ लागतात. बॅग पाठीवर घेऊन चालणाऱ्याला ते जाणवतात. हे तळे नैसर्गिक नव्हे. १६९९ मध्ये गिरणीसाठी टिबेट्स ओढ्याला बांध घालून ते तयार झाले. मैदानाचे आजचे रूप मात्र ठरवले मोटारींनी. १९३० च्या दशकात रॉबर्ट मोझेस यांच्या अमलात उद्यानातून रुंद रस्ते काढले गेले, १९५० च्या दशकात मेजर डीगन द्रुतगती मार्ग आला, आणि होलची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागली. आजही फटका मारताना वाहनांची घरघर कानावर पडत राहते. रंगलेली झाडे पाहायला आलेल्याला ती खटकेल; नेहमीच्या खेळाडूंना तिची सवय झालेली आहे. सार्वजनिक जागेवर शहर हक्क कसा सांगत राहते, याचे दुसरे उदाहरण याच उद्यानात आहे. शेजारच्या मोशोलू मैदानाच्या सराव-पट्टीखाली शहराला पाणी पुरवणारे क्रोटन शुद्धीकरण केंद्र बांधले गेले आणि २०१५ मध्ये ते सुरू झाले. सराव करणारा खेळाडू उभा असतो तो त्या केंद्राच्या गवताळ छतावर.

क्लब नसले तर भाड्याने मिळतात. चेंडू जुने घ्यावेत आणि पांढऱ्याऐवजी नारिंगी किंवा पोपटी. पिवळा मात्र नको, तो पानांत मिसळतो. बॅगेत कोरडा टॉवेल आणि जादा मोजा असावा, कारण सकाळी गवत भिजलेले असते.

या विभागात अधिकृत गुणनोंदणीचा हंगाम १ एप्रिल ते १४ नोव्हेंबर असा आहे. १५ नोव्हेंबरपासून येथे खेळलेल्या राउंडचे गुण हँडिकॅपसाठी धरले जात नाहीत. बर्फ पडेपर्यंत मैदान मात्र सुरू असते, आणि त्या उरलेल्या दिवसांत वेळ सहज मिळते.